शरयूताई आणि नांगऱ्याची आठवी नोट

शरयूताईंच्या हातात कुठलीही पातळ वस्तू आली की ती आधी उजेडाला धरली जायची. चहाच्या पाकिटावरचा कागद, बसचं तिकीट, केळीचं पान, कोणाच्या लग्नाची पत्रिका, काहीही. खिडकीपाशी जायच्या, एक डोळा बारीक करायच्या आणि मग वस्तू खाली ठेवून निकाल द्यायच्या.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती भाड्याची खोली बघायला. डब्लिनमध्ये मास्टर्स करत होते आणि जवळच्या डून लेरी गावात समुद्राचा वास पोचणाऱ्या एका घरात वरची खोली रिकामी असल्याचं मराठी मंडळाच्या ग्रुपवर कळलं होतं. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून आईनं पुण्याहून दिलेल्या पापडांतलं एक पाकीट घेऊन गेले. दार उघडलं ते एका उंच, खणखणीत आवाजाच्या बाईंनी. त्यांनी माझं नाव विचारायच्या आधी पाकीट घेतलं, एक पापड काढला आणि खिडकीशी नेला.

"उडदाचाच आहे," त्या म्हणाल्या. "पण लाटणारीचा एक खांदा दुखतोय. सगळे पापड एकाच बाजूला जाड आहेत बघ."

मी आईला फोन केला. आई थक्क झाली. दोन महिने तिचा उजवा खांदा आखडला होता आणि तिनं ते मला सांगितलं नव्हतं. फोन ठेवेपर्यंत शरयूताईंनी माझी बॅग जिन्यापाशी आणून ठेवली होती. "सामान उद्या आण उरलेलं," म्हणाल्या. "आज पिठलं आहे."

डॉक्टर शरयू इंगवले टॅलाच्या हॉस्पिटलात रेडिओलॉजिस्ट होत्या. दिवसभर लोकांची हाडं आणि फुप्फुसं बघायच्या आणि घरी आल्यावर नोटा. मूळच्या कोल्हापूरकडच्या. आयर्लंडमध्ये इतकी वर्षं काढूनही बोलण्यातला 'की' आणि 'बघ' सुटला नव्हता. रविवारी इरकल नेसायच्या आणि वर जाड रेनकोट चढवायच्या. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलं की म्हणायच्या, "तेव्हा वेळ नव्हता आणि आता घाई नाही." इथले सहकारी त्यांना 'शा-रू' म्हणायचे. त्या कोणालाही सुधारायच्या नाहीत. "मी त्यांच्या निम्म्या गावांची नावं चुकीची घेते. फिटंफाट."

नोटांचं मला पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि तेही घाबरून. त्यांनी मला बजावलं होतं, जुन्या नोटेला पाणी लावायचं नाही, चिकटपट्टी लावायची नाही आणि मेलं तरी प्रेस करायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी हॉस्पिटलातून फोन केला. "मृणाल, माझ्या नोटा प्रेसमध्ये राहिल्यात का बघ जरा." मी इस्त्रीकडे धावले. इस्त्री थंड. इस्त्रीचं टेबल रिकामं. कपड्यांची टोपलीही उपसली. संध्याकाळी त्या पोट धरून हसल्या. इथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्या कपाटात एक चामड्याची बॅग होती आणि तिच्यात पारदर्शक पाकिटांतल्या सात बँकांच्या सात नोटा, शिवाय एक पौंडाची एक जादाची. सातही नोटांवर एकच चित्र. एक शेतकरी दोन घोड्यांच्या मागे नांगर धरून चाललाय. देश नवा होता तेव्हा इथल्या आठ बँकांना एकाच नमुन्याच्या नोटा काढायची परवानगी होती. चित्र तेच, रंगसंगती तीच, फक्त खाली ज्या त्या बँकेचं नाव आणि सही. इथले लोक तिला नांगऱ्याची नोट म्हणतात. आठपैकी बहुतेक बँकांची नावं केव्हाच पुसली गेली, पण नोटा उरल्या आणि आता लोक त्यांच्यासाठी वेडे होतात.

"पण तुम्ही कशा वेड्या झालात?" मी विचारलं.

त्यांनी एक नोट दिव्यासमोर धरली. कागदाच्या आत लपलेला एका स्त्रीचा चेहरा हळूच वर आला. "पहिल्या हिवाळ्यात आले तेव्हा चारला अंधार व्हायचा. कोणी ओळखीचं नाही. बाजारात एका टेबलावर ही नोट दिसली. म्हटलं, अगं बाई, हा तर आपल्या शिवारातला गडी! बैलांच्या जागी घोडी जुंपलीत, एवढंच. त्या सबंध हिवाळ्यात या देशात माझ्या ओळखीचा हा एकच माणूस होता."

त्यांच्यामुळे मला कळलं की जुन्या नोटेची किंमत तिच्यावरच्या आकड्याशी बांधलेली नसते. ती कोणत्या बँकेची, तशा किती उरल्या, किती हातांतून गेली, यावर सगळं ठरतं. आणि सर्वांत जास्त यावर की कोणी तिला तरुण दाखवायचा प्रयत्न केलाय का. विक्रेते सुरकुतलेली नोट धुतात, दाबतात, इस्त्री करतात. ताईंचा त्यावर फार राग. "घडी पडली म्हणून किंमत जात नाही गं," त्या म्हणायच्या, "घडी लपवली की जाते." मी नोकरीच्या मुलाखतींना जायला लागले तेव्हा माझ्या अर्जातली एक वर्षाची रिकामी जागा कशी झाकू असं विचारत होते. त्यांनी हेच वाक्य मला ऐकवलं. मी मुलाखतीत सरळ सांगितलं, वडील आजारी होते, म्हणून मी घरी होते. चेरीवूडच्या त्या कंपनीत मी आजही आहे.

आठवी नोट मात्र त्यांना मिळत नव्हती. ती बँक मुळात उत्तर आयर्लंडची. तिच्या बहुतेक शाखा सरहद्दीपलीकडे, त्यामुळे इकडच्या नोटा तिनं मोजक्याच काढल्या. वर्षातून काही वेळा एखाद्या हॉटेलात नाणी-नोटांची जत्रा भरायची. आम्ही दोघी जायचो. टेबलांमागे बसलेले म्हातारे ताईंना ओळखायचे. "शा-रू, आज काही नाही गं तुझ्यासाठी," असं लांबूनच सांगायचे. एक फिंटन नावाचे गृहस्थ होते. जनावरांचे निवृत्त डॉक्टर, डोक्यावर कायम टोपी. त्यांच्याकडे आठही होत्या. ताई त्यांना 'युअर मॅन' म्हणायच्या, इथल्या रिवाजाप्रमाणे, पण अशा सुरात की कोल्हापुरात एखाद्याला 'तो बाबा' म्हणतात तसं वाटावं. "युअर मॅनची आठवी बघितलीस? फाटकी आहे. पण आहे!"

नोरा आमच्या रांगेतल्या शेवटच्या घरात राहायची. ऐंशी ओलांडलेली, गुडघ्यानं अधू, जन्मभर लोकांचे कपडे लहानमोठे करून देणारी शिंपीण. ताई दर शनिवारी तिच्याकडे वरणभात घेऊन जायच्या. नोरा त्याला 'पिवळं सूप' म्हणायची आणि वाटी पुसून खायची. एका शनिवारी मीही गेले होते. भिंतीवरची येशूच्या हृदयाची तसबीर तिरकी झाली होती म्हणून नोरानं ताईंना ती सरळ करायला सांगितली. ताईंनी ती खाली काढली तर मागचा पुठ्ठा सुटलेला.

"तिथं आईची नोट आहे हो, सांभाळून," नोरा म्हणाली.

पुठ्ठ्याआडून नोट बाहेर आली. पाच पौंडांची. दोन घोडे, नांगर, शेतकरी. ताईंनी खालचं नाव वाचलं आणि त्या खुर्चीत बसल्या. ती आठवी होती. इतकी कोरी की जणू काल छापलेली.

नोराच्या आईचं सरहद्दीजवळच्या गावात छोटं दुकान होतं. घरात एक नोट कायम असावी, वेळ सांगून येत नाही, म्हणून तिनं ती तसबिरीमागे ठेवली होती. नोराची धाकटी बहीण मॉरीन एकोणिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियाला निघाली तेव्हा आईनं ती काढून तिच्या हातावर ठेवली. तोवर तशा नोटा चलनातून गेल्या होत्या, पण बँक बदलून द्यायची. मॉरीननं ती परत तसबिरीमागे सरकवली. म्हणाली, परत येईन तेव्हा दे. ती कधीच आली नाही. पर्थमध्ये संसार झाला, मुलं झाली. रविवारी फोन व्हायचा. आता दोघींचेही गुडघे गेलेले, आणि चोवीस तास अवघडून बसायचा प्रवास नोराला शक्य नव्हता.

नोरानं ताईंचा चेहरा बघितला. तिला ताईंचं वेड माहीत होतंच. "हीच का ती, तुझी राहिलेली?" तिनं विचारलं आणि नोट ताईंच्या हातात कोंबली. "घे. इतकं पिवळं सूप खाल्लंय मी तुझं. माझ्यामागे कोणीतरी कचऱ्यात टाकेल. घे म्हणते ना!"

ताईंनी नोट टेबलावर ठेवली. "उद्या येते," एवढंच बोलल्या आणि बाहेर पडल्या. घरी न येता सरळ समुद्रात गेलेल्या धक्क्याकडे चालू लागल्या. वारा इतका होता की रेनकोट फडफडत होता. मी मागे.

"ताई, ती प्रेमानं देतेय. घ्या ना," मी म्हटलं.

"प्रेमानं देतेय, पण काय देतेय हे तिला कुठं माहिताय?" त्या थांबल्या. डोळ्यांत पाणी होतं, वाऱ्याचं की कसलं कोण जाणे. "समोरच्याला किंमत माहीत नसताना घेतलेली भेट म्हणजे हसत हसत मारलेला डल्ला. माझ्या सात नोटा चोख आहेत गं. आठवी अशी ठेवू त्यांच्यात?"

धक्क्याच्या टोकाला दिव्यापाशी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. परतताना एकदम खुशीत होत्या. आईस्क्रीम घेतलं, त्या थंडीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नोराला समोर बसवून सगळं सांगितलं. ही नोट किती दुर्मिळ आहे, अशी कोरी तर कोणी पाहिलेलीच नाही, लिलावात गेली तर एखाद्या बऱ्यापैकी मोटारीची किंमत येईल. नोरा ऐकत राहिली. मग म्हणाली, "आणि हे सगळं कळूनही मी तुलाच दिली तर?"

"तर मी घेईन," ताई म्हणाल्या. "पण आधी मॉरीनला भेटून ये. विमानात पाय पसरून झोपता येईल अशी खुर्ची असते पुढच्या भागात. ती घे. त्यातून उरलं तर दे मला काय द्यायचं ते."

नोरानं आपले अधू गुडघे चोळले. मग तिनं विचारलं, "खरंच पाय पसरता येतात?"

लिलाववाल्यांकडे आम्ही तिघी गेलो. तिथला जाणकार डेक्लन नावाचा चुणचुणीत माणूस होता. त्यानं हातमोजे घालून नोट घेतली, उलटीसुलटी केली आणि मान हलवली. "सुंदर आहे. पण दाबलेली वाटते. इतकी सपाट नोट नैसर्गिक नसते. मला लिलावाच्या यादीत तसं छापावं लागेल." दाबलेली हा शब्द पडला की किंमत अर्ध्यावर येते, हे मलाही तोवर कळत होतं.

नोराचा चेहरा उतरला. "माझ्या आईनं कधी इस्त्री नाही फिरवली तिच्यावर," ती म्हणाली. "मी शिंपीण आहे. इस्त्रीचा कपडा मला कळतो."

ताईंनी पदर खोचला. "खोलीतला दिवा बंद करा," त्या म्हणाल्या. डेक्लननं का कोण जाणे, केला. ताईंनी पर्समधून छोटी विजेरी काढली, ती नोटेच्या अगदी कडेला टेबलाशी आडवी धरली आणि लावली. उजेड कागदावरून सपाट सरपटत गेला. अंकांपाशी, सहीपाशी, नांगराच्या फाळापाशी बारीक उंचवटे उठले, त्यांच्या सावल्या पडल्या. छपाईच्या वेळी यंत्रानं कागदात उमटवलेले ठसे.

"इस्त्री फिरली असती तर हे मेले असते," ताई म्हणाल्या. "हिच्यावर कोणी इस्त्री फिरवली नाही. ही नुसती देवाच्या पाठीशी पडून राहिली, वर्षानुवर्षं, काचेच्या आणि पुठ्ठ्याच्या मध्ये. हॉस्पिटलात मी रोज सांगते, समोरून काही दिसत नसेल तर बाजूनं फोटो काढा."

डेक्लन खाली वाकला. बराच वेळ बघत राहिला. मग दिवा लावून हसला. "डॉक्टर, मी चुकलो. मूळ अवस्थेत, असं छापतो." त्याच्या मनाचा मोठेपणा मला आवडला. ताईंनाही. नंतर त्याला त्यांनी लोणच्याची बाटली पाठवली.

लिलावाच्या सकाळी नोरानं हिरवा कोट घातला होता, स्वतः शिवलेला. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. ताई बोली लावणार नव्हत्या. "किंमत मीच सांगायची आणि मीच हात वर करायचा, हे बरं दिसत नाही," त्यांनी ठरवून टाकलं होतं. तरी त्यांचा स्वतःवर भरवसा नसावा, कारण नोट पडद्यावर आली तेव्हा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसल्या.

बोली सुरू झाली ती हळूहळू. मग कोणी परदेशातून कॉम्प्युटरवर बोली लावायला लागलं आणि खोलीच्या मागच्या बाजूनं एक टोपी वर होऊ लागली. फिंटन! आकडा मोटारीपर्यंत पोचला, मोटार मागे पडली, नवी मोटार आली. लोक वळून बघायला लागले. नोरानं माझं मनगट धरलं होतं, शिंपिणीची पकड, रक्त थांबेल अशी. कॉम्प्युटरवरचा माणूस थांबला. पुन्हा बोलला. टोपी पुन्हा वर झाली. कॉम्प्युटरवरून पुढची बोली आली नाही. हातोडा पडला आणि सगळ्या खोलीनं टाळ्या वाजवल्या.

"एवढे सगळे, सगळ्या नोटांचे मिळून?" नोरानं घाबरून विचारलं.

"एकीचे," ताई म्हणाल्या. "तुझ्या एकटीचे, नोरा!" आणि तिथेच, त्या टायवाल्या माणसांमध्ये, त्यांनी नोराला मिठी मारली आणि दोघी जोरजोरात हसल्या, रडल्या, पुन्हा हसल्या. एका शब्दात सांगायचं तर इथले लोक ज्याला 'ग्रँड' म्हणतात तसं सगळं होतं.

बाहेर चहा होता. फिंटन टोपी हातात घेऊन ताईंजवळ आले. "शा-रू, हात का नाही वर केलास? मी घाबरत होतो तुला."

ताईंनी कारण सांगितलं. फिंटननी हातातली टोपी दोनदा फिरवली. मग म्हणाले, "आता माझ्याकडे दोन झाल्या. जुनी फाटकी आहे, घड्या आहेत, कोणा दुकानदारानं पेन्सिलीनं बेरीज केलीय मागे. तुझ्याकडची ती जादाची एक पौंडाची दे, आणि ही घे. अदलाबदल. पुढच्या जत्रेपर्यंत थांबायला नको."

ताईंना काही बोलता येईना. शरयूताईंना! मी त्यांच्या वतीनं हो म्हटलं. आठवडाभरानं ती नोट घरी आली तेव्हा त्यांनी ती किती वेळ उजेडाला धरली याला हिशेब नाही. कडेला फाटलेली, मधोमध चार पदरी घडी, मागे दुकानदाराची बेरीज. "बघ की," त्या म्हणाल्या, "हातचा एक विसरलाय तो. बेरीज चुकलीय!" आणि आनंदानं लाल झाल्या.

त्याच वसंतात ताई निवृत्त झाल्या. कोल्हापूरला परतायचं होतंच. वाट थोडी वाकडी करून त्या नोराला पर्थला सोडून पुढे जाणार होत्या. विमानतळावर सामानाचा काटा, पासपोर्ट, नोराची चाकाची खुर्ची या गडबडीत आमचा निरोप राहूनच जात होता. शेवटच्या क्षणी त्यांनी माझे खांदे धरले आणि मला काचेच्या भिंतीकडे वळवलं. बाहेर ऊन होतं. क्षणभर वाटलं, आता मलाच उजेडाला धरतायत की काय.

"चांगली आहेस," त्या म्हणाल्या. "जेवत जा वेळेवर." आणि गेल्या, रेनकोट हातावर, नोराची खुर्ची ढकलत, समोरच्या सगळ्यांना बाजूला व्हायला सांगत.

नोरा पुढच्या भागात पाय पसरून गेली. ताई मागे, तीन जणांच्या रांगेत मधल्या खुर्चीवर. त्यांचंही पुढचं तिकीट नोरा काढत होती, पण ताईंनी ऐकलं नाही. पुढून नोरानं हवाईसुंदरीकरवी त्यांना दोनदा चॉकलेटं आणि एकदा गरम टॉवेल पाठवला.

पर्थहून फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. मीटिंग सोडून बाहेर आले. पडद्यावर एक ओसरी, कडक ऊन आणि दोन म्हाताऱ्या शेजारी शेजारी, एकीचा हात दुसरीच्या हातात. मला वाटलं होतं रडत असतील. त्या भांडत होत्या. लहानपणी गावच्या ओढ्यात कोंबडी कोणी पाडली यावरून. मॉरीनचा आवाज चढला होता, नोरा ऐकून घेत नव्हती, आणि मॉरीनची मुलं-नातवंडं दारात उभी राहून, आपल्या आई-आजीला असं कोणाशी भांडताना जन्मात पहिल्यांदा बघत, तोंडावर हात धरून हसत होती.

कॅमेरा फिरला. शरयूताईंचा चेहरा आला, उन्हानं तांबूस झालेला, विजयी.

"दोन तास झाले," त्या म्हणाल्या. "अजून कोंबडीच चालू आहे. आता फोन ठेव, मला ऐकू दे."